इंजिनात ओढा शिरला त्याची गोष्ट, आणि सिंहगड रोडचं बिनबोर्डाचं गॅरेज

गॅरेजचं नाव विचारू नका, बोर्ड होता तो कधीच गंजून पडला आणि परत लावलेला नाहीये. पुण्यात सिंहगड रोडला हिंगण्यात, मेन रोड सोडून आत गल्लीत, एक शटर, बाहेर चार-पाच उघड्या पोटाच्या गाड्या. मालकाला सगळे काका म्हणतात, मीपण काकाच म्हणतो. ५ पैकी ४ देतोय, एक का कापला ते खाली येईलच.

माझी गाडी हीरोची इम्पल्स. २०११ ला आलेली, तेव्हा फार कोणी घेतली नाही आणि बंद झाल्यावर सगळे शोधत बसले, तसलं प्रकरण. सेकंडहँड घेतलीये, दीडशे सीसी, कार्बोरेटरवाली. ऑगस्टमधल्या एका रविवारी आम्ही दोघं पाबे घाटातून वेल्ह्याकडे गेलो आणि तिथं डांबर सोडून एका कच्च्या वाटेला लागलो. ओढा होता, गुडघाभर वाटला, मित्र पलीकडे गेला पण, मी गेलो आणि मधल्या गोट्यावरून पुढचं चाक सरकलं आणि गाडी आडवी, मी आडवा, इंजिन चालू. सीटखालचा एअरबॉक्स, म्हणजे इंजिन ज्यातून हवा ओढतं तो डबा, सगळा पाण्यात. दोन सेकंद गुडगुड आवाज आला आणि बंद.

बाहेर ओढली. आणि मग मी तोच गाढवपणा केला जो सगळे करतात, सेल्फ मारला. टक्. परत मारला. टक्. मित्र म्हणाला बॅटरी गेली असेल, धक्का मारून दुसऱ्या गिअरमध्ये सोडू. नशीब चढ होता म्हणून ते राहिलं.

वाटेच्या वर येऊन रेंज मिळाली तेव्हा आधी एका सर्व्हिस सेंटरला फोन केला, ते म्हणाले उद्या आणा, इंजिन खोलावंच लागेल, चौदा-पंधरा हजार धरून चाला. गाडी न बघता. मग काकांना लावला. त्यांचा पहिला प्रश्न, "सेल्फ किती वेळा मारलास?" म्हणलं दोनदा. "आता बटणाला हात लावू नको, धक्का तर अजिबात मारू नको. किल्ली काढून खिशात ठेव, मग बोलू."

कारण असंय की हवा दाबली जाते, पाणी दाबलं जात नाही. पिस्टन वर येताना डोक्यावर पाणी असेल तर त्याला जायला जागाच नसते आणि मग सगळ्यात आधी वाकतो तो कनेक्टिंग रॉड, म्हणजे पिस्टनला खालून ढकलणारा दांडा. घरी येऊन मी हिशोब केला, दीडशे सीसीच्या इंजिनात कॉम्प्रेशन साधारण नऊला एक धरलं (म्हणजे पिस्टन खालून वर आला की वरची जागा नवव्या हिश्शाएवढी उरते) तर पिस्टन अगदी वर असताना वर उरते फक्त १८-१९ सीसी जागा. म्हणजे चार चहाचे चमचे पाणी! ओढा लांब राहिला, चमच्यांनी काम होतं. सेल्फच्या मोटरीत तेवढा जोर नसतो म्हणून टक् करून थांबते, पण धक्का मारून गिअर सोडला की अख्ख्या गाडीचं वजन त्या रॉडवर येतं. मी पडताना पहिल्या गिअरमध्ये होतो आणि अ‍ॅक्सिलरेटर सुटला होता म्हणून वाचलो, तोच फुल पिळलेला असता तर गोष्ट वेगळी होती.

फोनवरच त्यांनी सगळं करून घेतलं. टूलकिटमधल्या प्लगपान्याने स्पार्क प्लग काढ, कॅप लांब बाजूला कर, पाण्याबरोबर पेट्रोल पण उडतं तेव्हा विडी-काडी कोणी ओढत असेल तर त्याला हाकल. गाडी टॉप गिअरमध्ये टाकून मागचं चाक हाताने फिरव. फिरवलं तर प्लगच्या भोकातून पिचकारी, मी वाकून बघत होतो, सरळ तोंडावर. पिचकारी थांबेपर्यंत फिरवत राहिलो. मग दोघांनी मिळून पुढचं चाक उचलून गाडी मागच्या चाकावर घोड्यासारखी उभी केली, सायलेन्सरमधून तांब्याभर तरी पाणी पडलं असेल. हे जर कोणी सांगितलं नसतं तर मी सायलेन्सर विसरलोच असतो आणि ते पाणी टेम्पोत हेलकावे खात उघड्या व्हॉल्व्हमधून परत आत गेलं असतं.

काका म्हणाले आता चालू करायचा मोह करू नको, ऑईलमध्ये पाणी गेलंय का ते बघितल्याशिवाय नाही, आणि आजच्या आज आण, रात्रभर ओली राहिली तर बोअरला, म्हणजे सिलेंडरच्या आतल्या भिंतीला, गंज धरतो आणि पिस्टनच्या रिंगा चिकटतात. त्यांचं गॅरेज रविवारी दोनला बंद होतं. वेल्ह्यातून छोटा हत्ती मिळाला, अडीच हजार घेतले, आणि खडकवासला चौपाटीला कणसं-भजीवाल्या गर्दीत जे अडकलो ते दीड तास. गाडी आधीच पाण्यात जाऊन आलेली, आता मी देव पाण्यात घालून बसलेलो. पोचायला साडेपाच झाले. शटर अर्धं वर होतं, काका आत वर्तमानपत्र वाचत बसले होते. या एका गोष्टीसाठीच मी चार दिलेत.

आता मुख्य काम. ऑईलचा ड्रेन बोल्ट सोडला तर आधी पाणीच आलं, स्वच्छ, कारण पाणी जड, ते तळाला बसतं. मागून जे आलं ते बघून पोटात गोळा आला, अगदी अमृततुल्यचा चहा, साय आल्यासारखा. ऑईल आणि पाणी घुसळलं की असंच होतं आणि असलं ऑईल बेअरिंगला वंगण म्हणून काही कामाचं राहात नाही. मी म्हणलं काका डिझेल टाकून धुवायचं का, बरेच जण तसं करतात. त्यांनी असं बघितलं जसं मी श्रीखंडात लसूण घाला म्हणलं. डिझेल कोपऱ्यात राहतं आणि नवीन ऑईल पातळ करतं, त्यापेक्षा स्वस्तातलं बाईकचंच ऑईल घालून दोनदा काढू. बाईकचंच का, तर आपल्या गाड्यांत क्लच प्लेटा त्याच ऑईलमध्ये बुडलेल्या असतात, कारचं घातलं तर क्लच स्लिप व्हायला लागू शकतो.

टाकीतलं पेट्रोल काचेच्या बाटलीत काढून ठेवलं, पाच मिनिटांनी तळाला बोटभर पाण्याचा थर. कार्बोरेटरची खालची वाटी उघडली, त्यात पाणी आणि एक जिवंत शेवाळाचा तुकडा. जेट, म्हणजे पेट्रोल जायच्या बारीक भोकांचे तुकडे, काढून हवेने मारले. एअर फिल्टरचा कागद भिजून लगदा झाला होता, फेकला. एअरबॉक्स फडक्याने पुसला, सगळी सॉकेटं सोडवून कंप्रेसरने सुकवली. सिलेंडरमध्ये प्लगच्या भोकातून दोन टोपणं ऑईल ओतलं, भोकावर कापड धरून सेल्फ मारला (प्लग काढलेला असताना सेल्फला काही भीती नसते, पाण्याला बाहेर जायला वाट असते) आणि मग कॉम्प्रेशन गेज, म्हणजे सिलेंडरमधला दाब मोजायचा काटा, लावला. रॉड वाकला असता तर पिस्टन पूर्ण वर येत नाही आणि काटा कमी दाखवतो. दोन-तीनदा बघितलं, मान हलवली, म्हणाले वाचलास.

नवीन प्लग लावून पाचव्या-सहाव्या सेल्फला चालू झाली. पांढरा धूर इतका की समोरच्या बाल्कनीतून एक आज्जी ओरडल्या. दोन-तीन मिनिटं नुसती आयडलला ठेवली, बंद, ऑईल काढलं, अजून चहाच पण जरा कमी दुधाचा. परत नवीन, परत चालू, तेव्हा शेवटी ऑईल ऑईलसारखं दिसलं. तिसरं, चांगलं १०डब्ल्यू३० ग्रेडचं ऑईल, दोन दिवसांनी घालू म्हणाले, तोपर्यंत गाडी इथेच.

हे सगळं करताना काका अजिबात घाई करत नव्हते. विचारलं तर म्हणाले २०२४ च्या जुलैत इथल्याच सिंहगड रोडच्या एकतानगरीत पुराचं पाणी शिरलं तेव्हा आठवडाभर नुसत्या बुडालेल्या अ‍ॅक्टिव्हा आणि स्प्लेंडरच येत होत्या, आणि त्यातल्या ज्यांनी घरीच सेल्फ मारमारून बघितलं होतं त्यांचीच इंजिनं खोलावी लागली, बाकीच्या अशाच ऑईल बदलून गेल्या.

बिल झालं २,९४०. तीन वेळचं ऑईल, प्लग, फिल्टर, मजुरी सगळं धरून. कागदावर नाही, पुठ्ठ्याच्या तुकड्यावर लिहून दिलं. इंजिन न खोलता.

आता एक का कापला. सोमवारी फोन उचललाच नाही, गॅरेज बंद असतं हे सांगितलंच नव्हतं, मी ऑफिसातून हाफ डे टाकून गेलो तर शटरला कुलूप. मंगळवारी "अरे सोमवार ना काल" एवढंच. ठीके. पण खरी तक्रार वेगळीये, इंजिनाच्या नादात चाकांकडे बघितलंच नाही. मागचा ड्रम उघडला नाही, त्यात वाळू तशीच, पहिल्या आठवड्यात ब्रेक मारला की किसणीवर नारळ खवल्यासारखा आवाज. ते मी घरीच साफ केलं. आणि आता महिन्याभराने मागच्या चाकाचं बेअरिंग घुरघुरायला लागलंय, ग्रीस धुवून गेलेलं असणार. पाण्यात बुडालेल्या गाडीची चाकं काढून बघणं हे यांना माझ्यापेक्षा जास्त कळायला पाहिजे. तुम्ही गेलात तर हे स्वतःहून सांगा, ते करतील, नाही म्हणणार नाहीत, फक्त सुचत नाही त्यांना.

जाताना एक गोष्ट न सांगता करून दिली होती, ती मला नंतर टाकी काढल्यावर दिसली. इंजिनाची ब्रीदरची नळी (आतला दाब बाहेर सोडायची) खाली लोंबत असायची तिला जोड देऊन टाकीखाली फ्रेमला वर बांधलीये, म्हणजे परत ओढ्यात उतरलो तर तिथून पाणी ओढायला नको. बिलात तिचे साठ रुपये पण नाहीयेत.

बेअरिंग नाना पेठेतून आणून ठेवलंय. शनिवारी जातो बसवायला.