कोर्टोल्ड कलादालन, लंडन: मोजकी चित्रे, निवांत भेट

उत्तर-दृक्प्रत्ययवादी (पोस्ट-इम्प्रेशनिस्ट), म्हणजे सेझान, व्हॅन गॉग, गोगँ, सरा अशा एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या चित्रकारांची चित्रे प्रत्यक्ष पाहण्यासाठी लंडनमधील एकच ठिकाण निवडायचे झाल्यास मी स्ट्रँडवरील सॉमरसेट हाउसमधल्या कोर्टोल्ड कलादालनाचे नाव निःसंकोच घेईन. कृत्रिम रेशमाच्या उद्योगात संपत्ती मिळवलेल्या सॅम्युअल कोर्टोल्ड यांनी ही चित्रे प्रामुख्याने 1920 च्या दशकात, ब्रिटनमध्ये सेझानविषयी अजून साशंकता असताना, विकत घेतली, आणि एकाच माणसाच्या ठाम आवडीतून आलेला एकसंधपणा या संग्रहात आजही जाणवतो.

नूतनीकरणानंतर नोव्हेंबर 2021 मध्ये पुन्हा खुल्या झालेल्या या वास्तूत थेट सर्वांत वरच्या मजल्यावर जावे. जिथे एके काळी रॉयल अकादमी या कलासंस्थेची वार्षिक प्रदर्शने भरत, त्या प्रशस्त दालनात आता व्हॅन गॉगचे कानाला पट्टी बांधलेले आत्मचित्र आहे. डिसेंबर 1888 मध्ये स्वतःचा कान कापून घेतल्यावर, रुग्णालयातून परतताच जानेवारीत त्याने ते रंगवले. छापील प्रतिकृतीत आपले लक्ष पट्टीवरच खिळते; मूळ चित्रासमोर मात्र हिरव्या कोटावरचे रंगाचे जाड थर, मागच्या भिंतीवरील जपानी मुद्राचित्र आणि जेमतेम सुरू केलेला कॅनव्हास दिसू लागतो, आणि हा माणूस पुन्हा कामाला लागला आहे हे उमगते. माझ्या मते केवळ या चित्रासाठीही येथे यावे.

सेझानचे ‘पत्ते खेळणारे’ तितकेच शांतपणे पाहण्यासारखे आहे. झॉर्झ सराच्या ‘पावडर लावणारी तरुणी’मधील फुलदाणीखाली त्याने स्वतःचाच चेहरा झाकून टाकला आहे, हे तांत्रिक तपासणीतून कळले. गोगँचे ‘नेव्हरमोर’ (1897) रंगांनी मोहवते. पण ताहितीत त्या काळी त्याच्यासोबत राहणारी मुलगी किशोरवयीन होती, हे ठाऊक असताना ते निर्मळ मनाने पाहता येत नाही.

व्हॅन गॉगचे ‘तारांकित रात्र’ न्यूयॉर्कला आहे, सराचे ‘ग्रांद जात’ शिकागोला. त्यांच्या अपेक्षेने येथे येऊ नये. नॅशनल गॅलरीच्या कायम संग्रहाप्रमाणे येथे प्रवेश विनामूल्य नाही, तरीही तिकिटाचे पैसे सार्थकी लागतात. दोन तास हाताशी ठेवावेत आणि नंतर ट्रॅफल्गर चौकापर्यंत पायी जाऊन नॅशनल गॅलरीतील व्हॅन गॉगची 1888 ची ‘सूर्यफुले’ पाहावीत. तीही कोर्टोल्ड यांच्याच देणगीतून 1924 मध्ये घेतलेली आहेत.