बोनेट गरम होतं आणि मी कारण विचारलं नाही

मागच्या मे महिन्यात मी वीस वर्षं जुनी स्कोडा ऑक्टाविया आरएस (ऑक्टावियाची जास्त ताकदीची, टर्बोवाली आवृत्ती) घेतली, ४ लाख २० हजारांना. त्यानंतरच्या चार महिन्यांत तिच्यावर आणखी १ लाख ३१ हजार गेले. यातला क्लचचा खर्च मी गृहीत धरला होता. बाकीचे १ लाख मात्र मला फसवून घातलेल्या खड्ड्याचे आहेत. तो खड्डा कसा खणला गेला हे सविस्तर सांगतो, कारण हीच पद्धत दुसऱ्या कुठल्याही जुन्या टर्बो गाडीला लागू पडते.

ही गाडी मला का हवी होती हे आधी सांगायला हवं. भारतात आली तेव्हा पेट्रोलवर चालणारी टर्बो गाडी आपल्याकडे जवळपास नव्हतीच. १.८ लिटरचं इंजिन, प्रत्येक सिलिंडरला पाच म्हणजे एकूण २० व्हॉल्व, १५० पीएस ताकद, आणि १,७५० आरपीएमपासूनच २१० न्यूटनमीटर टॉर्क. युरोपातली आरएस १८० पीएसची होती, आपल्याकडची जरा सौम्य, पण वर्धा रोडवर तिसऱ्या गिअरमध्ये ती जे करते ते कळायला गाडीत बसावंच लागतं. कॉलेजात असताना बजाजनगरच्या चौकात एक लाल आरएस मी रोज बघायचो. तेव्हापासून मनात होती.

मला ती रविवारी झाकण काढून पुसायला नको होती. मनीषनगरहून बुटीबोरी, येऊन-जाऊन रोजचे पन्नासेक किलोमीटर, तेही एसी लावून, नागपूरच्या उन्हात. म्हणून दोन वर्षं शोधाशोध केली. लिनिया टी-जेट पाहिली, मनापासून आवडली, पण फियाट भारतातून गेलेली आणि पार्टसाठी धावाधाव. पोलो जीटी टीएसआय पाहिली, तिच्या सात गिअरच्या ड्राय क्लचवाल्या डीएसजी ऑटोमॅटिक गिअरबॉक्सला शहरातल्या ट्रॅफिकमध्ये रोज रांगवायची माझी हिंमत झाली नाही. स्कोडाचीच लॉरा आरएस चांगली मिळत नव्हती. ऑक्टावियाला साधा मॅन्युअल गिअरबॉक्स, आणि तिचे बरेच पार्ट फोक्सवॅगन ग्रुपच्या इतर गाड्यांशी जुळतात. निवड चुकली असं मला आजही वाटत नाही. मी गाडी निवडली विचार करून. पारखली मात्र घाईत.

रिंग रोडला लागून एका एजंटचं छोटं ऑफिस होतं. फोनवर मी सकाळी सात वाजता येतो म्हणालो. तो म्हणाला, "साहेब, सकाळी आमचा पोरगा राहत नाही चावी द्यायला. तीनला या, आरामात पाहा." मे महिना, दुपारचे तीन, पारा ४४ च्या घरात. मी पोचलो तर गाडी सुरूच होती, एसी फुल. "बसा साहेब, तुमच्यासाठी ठंडी करून ठेवली."

त्या उन्हातून आत बसल्यावर जो गारवा लागला त्याने मी खूश झालो. बाहेर येऊन बोनेट उघडलं तेव्हा हात टेकवेना. उन्हानं तापलंय असं समजलो. गाडी अर्धा तास तरी चालवून तापवली होती, आणि थंड एसी हा त्यासाठीचा बहाणा होता, हे डोक्यातही आलं नाही.

टर्बो गाडीत हे इतकं महत्त्वाचं का? इंजिनाच्या धुराच्या जोरावर टर्बोतलं चक्र फिरतं, मिनिटाला एक लाखाहून जास्त फेरे, आणि इंजिनात जास्तीची हवा कोंबतं. त्याचा दांडा ऑइलच्या पातळ थरावर तरंगत असतो. आधीच्या मालकाने गाडी दामटून लगेच बंद करायची सवय ठेवली असेल, किंवा ऑइल वेळेवर बदललं नसेल, तर ते तिथेच जळून कोळसा होतं आणि बेअरिंग झिजतं. मग दांडा हलायला लागतो, ऑइल गळून इंजिनात किंवा सायलेन्सरमध्ये जातं आणि निळा धूर निघतो. हा धूर कधी दिसतो? रात्रभर उभी असलेली गाडी सकाळी पहिल्यांदा सुरू केली की, किंवा बराच वेळ आयडलवर ठेवून अचानक ॲक्सिलरेटर दाबला की. आधीच तापवून तयार ठेवलेल्या गाडीत पहिली वेळ तुमच्या वाट्याला येतच नाही. दुसरीही येणार नाही याची काळजी विकणारा घेतो, सतत हळूहळू रेस देत राहून. माझ्याशी बोलताना त्याचा पाय ॲक्सिलरेटरवरच होता. मला वाटलं, हौसेने इंजिन ऐकवतोय.

टेस्ट ड्राइव्हला आउटर रिंग रोडवर गेलो. गाडीनं जो धक्का दिला त्यानं निर्णय झाला. मीटरवर ७४,००० किलोमीटर. टायमिंग बेल्ट (इंजिनातले व्हॉल्व आणि पिस्टन यांचा मेळ ठेवणारा पट्टा) "नुकताच बदललाय", बिल "पहिल्या मालकाकडे आहे". आरसी एमएच-३१ ची, नाव पहिल्या मालकाचंच, कर्ज नाही. हे सगळं परिवहनच्या ॲपवर मी तपासलं आणि सगळं खरं निघालं. कागद खरे म्हणजे गाडी खरी, असं मी धरून चाललो. घरी आल्यावर बायको म्हणाली, "अहो, एकदा कुणाला तरी दाखवून तर घ्या." मी टोकन देऊन आलो होतो.

पहिले नऊशे किलोमीटर गाडी उत्तम चालली. मग मी स्वतःच्या समाधानासाठी ऑइल बदललं, या इंजिनाला लागतं ते ५डब्ल्यू-४० सिंथेटिक घातलं. काढलेलं ऑइल पाकासारखं जाड होतं. गॅरेजमधला पोरगा म्हणाला, "दादा, हे काय टाकलं होतं?" दुसऱ्या दिवशी सकाळी सोसायटीच्या पार्किंगमध्ये गाडी सुरू केली आणि निळ्या धुराने भिंत दिसेनाशी झाली.

कामठी रोडला एक जुने मेकॅनिक आहेत, या गाड्या वीस वर्षं करताहेत. त्यांनी पहिला प्रश्न विचारला: "गाडी पाहिली तेव्हा थंडी होती का गरम?" मी सांगितलं. ते काही बोलले नाहीत, हवेचा पाइप काढला आणि माझं बोट टर्बोच्या दांड्यावर ठेवलं. "बाजूला जरासा हलतो ते चालते. आतबाहेर नाही हलला पाहिजे." माझा आतबाहेर हलत होता.

मग एकेक उलगडत गेलं. जाड ऑइलमध्ये धूर दाबणारं औषध मिसळलेलं होतं, त्यामुळे महिनाभर गळती लपली. वेस्टगेटकडे, म्हणजे टर्बोचा दाब हद्दीत ठेवणाऱ्या झडपेकडे, जाणाऱ्या पाइपमध्ये दोनशे-तीनशे रुपयांचा एक छोटा व्हॉल्व बसवला होता. त्याने टर्बोचा दाब ठरल्यापेक्षा वाढतो आणि झिजलेली गाडीही दमदार वाटते. आउटर रिंग रोडवरचा तो धक्का याच व्हॉल्वचा होता. दाब असा वाढला की कॉम्प्युटर इंजिनाचा पिवळा दिवा लावतो, म्हणून मीटर उघडून त्या दिव्यावर आतून काळी पट्टी लावलेली. हे मला स्वतःला पकडता आलं असतं. चावी फिरवल्यावर इंजिन सुरू करण्याआधी तो दिवा लागायलाच हवा, आणि इंजिन सुरू झाल्यावर विझायला हवा. आधी लागतच नसेल तर तो बंद केलेला आहे. दोन सेकंदांचं काम. मी ते केलं नाही, कारण मी पोचलो तेव्हा गाडी सुरूच होती.

किलोमीटरचं खोटं सर्वांत शेवटी कळलं. त्या मेकॅनिक काकांनी टायमिंग बेल्टचं कव्हर उघडलं तर आतल्या बाजूला कुणीतरी पेनाने लिहिलेली कागदी पट्टी: १,१२,४०० आणि साल २०१३. म्हणजे बारा वर्षांपूर्वीच गाडी मीटरवरच्या आकड्याच्या दीडपट चालली होती, आणि बेल्ट तेव्हापासून तोच होता. या इंजिनात बेल्ट तुटला तर पिस्टन व्हॉल्ववर आदळतात आणि हेडचं काम निघतं. त्याच बेल्टवर मी नऊशे किलोमीटर, त्यातले काही समृद्धीवर १२० ने, मुलीला मागे बसवून गेलो होतो. पैशांचा राग हळूहळू कमी झाला. हा झालेला नाही.

एजंटकडे गेलो. तो शांतपणे म्हणाला, "भाऊ, महिनाभर चालली ना गाडी? ऑइल तुम्ही बदललं." मग दुसरं वाक्य, जे मला जास्त लागलं: "आणि मी कुठे विकली? मी तर फक्त मधात होतो. कागद पाहा." कागदावर खरंच विक्री पहिल्या मालकाकडून थेट मला होती. मालकाकडून सही केलेले फॉर्म २९ आणि ३०, म्हणजे गाडी दुसऱ्याच्या नावावर करायचे फॉर्म, घेऊन ठेवायचे, गाडी स्वतःच्या नावावर कधी करायचीच नाही, आणि गिऱ्हाईक मिळालं की त्याचं नाव भरायचं. पहिल्या मालकाला मी फोन केला. त्यांनी गाडी आठ महिन्यांपूर्वी पावणेदोन लाखांना दिली होती, टर्बो गेलाय हे सांगूनच.

हे टाळण्यासाठीच डिसेंबर २०२२ मध्ये केंद्राने मोटार वाहन नियमांत बदल केला, तो १ एप्रिल २०२३ पासून लागू आहे. जुन्या गाड्यांच्या डीलरला आरटीओकडून अधिकारपत्र घ्यावं लागतं, आणि मालकाने गाडी त्याच्या ताब्यात दिली की फॉर्म २९-सी ने तशी नोंद होते. त्यानंतर गाडीची जबाबदारी डीलरची. मी हे अधिकारपत्र मागितलंच नव्हतं. ज्याच्याकडे ते नाही त्याला पैसे देऊ नका, गाडी कितीही आवडली तरी.

मी जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार केली आहे. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे शुल्क लागत नाही, आणि दोन वर्षांच्या आत जावं लागतं. एजंटला दिलेली रक्कम त्याच्या खात्यावर ऑनलाइन गेली होती, हा माझ्याकडचा एकमेव भक्कम पुरावा. तो रोख मागत होता, पाच हजार कमीही करत होता. तेव्हा नाही म्हणालो ते नशीब.

गाडी आता चालते. टर्बो रिकंडिशन ५८,०००, बेल्ट, टेन्शनर आणि वॉटर पंप १९,०००, ऑइलची लाइन नवी, ऑइलचा खालचा चेंबर काढून गाळणी साफ, सगळे रबरी पाइप आणि इंटरकूलर (टर्बोची हवा थंड करणारा भाग) मिळून २३,०००, क्लच ३१,०००. ऑइलची लाइन बदलल्याशिवाय नवा टर्बो बसवू देऊ नका. जुन्या लाइनीतला कोळसा नवा टर्बोही खातो. दोष गाडीचा नाही, हे मला इथे लिहून ठेवायचं आहे. नीट सांभाळलेलं हे इंजिन फार चिवट आहे.

दिवाळीनंतर ऑफिसमधला एक मुलगा अमरावतीला अबार्थ पुन्टो, म्हणजे फियाटची टर्बोवाली पुन्टो, बघायला निघाला होता. त्याच्यासोबत गेलो. मालकाला आदल्या रात्री सांगितलं होतं, गाडी सुरू करू नका. आम्ही सकाळी साडेसातला पोचलो, अंगणात चांगलीच थंडी होती. बोनेटवर हात ठेवला तर कोमट. "दूध आणायला गेलो होतो," ते म्हणाले. खरंही असेल. आम्ही त्यांच्याकडे चहा घेतला, दुपारपर्यंत गावात थांबलो, आणि बाराला पुन्हा जाऊन थंड इंजिन सुरू करायला लावलं. धूर नव्हता, पिवळा दिवा लागला आणि विझला, दांडा आतबाहेर हलत नव्हता. त्याने गाडी घेतली. नागपुरात कुणाला अशी गाडी बघायला जायचं असेल तर मला सांगा, सकाळी लवकर मी येईन.