गोफर की जेमिनी? मराठी मजकूर कुठं ठेवावा

वेबबाहेर मजकूर ठेवायचा हे ज्यांचं पक्कं झालंय, त्यांच्यासाठी हे लिहितोय. जाहिराती, कुकीज आणि पानाआधी उतरणारा स्क्रिप्टचा ढीग यांबद्दल तुम्हाला मी वेगळं काही सांगायला नको. प्रश्न त्यापुढचा आहे: गोफर घ्यावं की जेमिनी? दोन्ही वेबला साधे पर्याय, सर्व्हरवरून मुख्यतः मजकूर मागवून वाचायचे प्रोटोकॉल; हे जेमिनी म्हणजे गूगलचं नव्हे. बडोद्यात आमच्या घरी आजोबांची पत्रं, हिशेबाच्या वह्या आणि आजीनं उतरवून ठेवलेल्या ओव्या आहेत. ते सगळं टंकून नातेवाइकांना निवांत वाचता येईल असं ठेवायचं होतं, म्हणून मी दोन्ही चालवून पाहिली. इंग्रजीत लिहिणाऱ्यांनी केलेल्या तुलना पुष्कळ सापडतात. मराठी मजकुराचं काय होतं ते त्यांत नसतं, आणि माझा निर्णय तर तिथंच झाला.

आधी गोफर, कारण ते मला मनापासून आवडतं. १९९१ साली मिनेसोटा विद्यापीठात मार्क मॅकाहिल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ते केलं. मार्च १९९३ मध्ये आलेला आरएफसी १४३६, म्हणजे गोफरचे नियम सांगणारा दस्तऐवज, एका संध्याकाळी वाचून होतो आणि तेवढ्यावर तुम्ही स्वतःचा सर्व्हर लिहू शकता. ७० क्रमांकाचं पोर्ट, एका ओळीत मागणी, समोरून मजकूर, संपलं. मेन्यूतल्या प्रत्येक ओळीचं पहिलं चिन्ह वस्तूचा प्रकार सांगतं: ० म्हणजे मजकूर, १ म्हणजे आणखी एक मेन्यू, ७ म्हणजे शोध. त्यापुढं नाव, जागा, होस्ट आणि पोर्ट, मध्ये टॅब. नेटकॅट हे सर्व्हरशी थेट बोलायचं साधन उघडून हा सगळा संवाद हातानं टंकता येतो. कॉलेजातल्या मुलांना नेटवर्क शिकवायचं असेल तर याच्याइतकं स्वच्छ उदाहरण मला दुसरं माहीत नाही.

गोफरची मांडणी मला बडोदेकर म्हणूनही जवळची वाटते. १९१० साली सयाजीरावांनी अमेरिकेतून विल्यम बोर्डन या ग्रंथपालांना इथं बोलावलं आणि त्यांनी बडोद्याच्या पुस्तकांसाठी स्वतंत्र वर्गीकरण लावलं. आधी वर्ग, मग उपवर्ग, मग पुस्तक, अशी जी ग्रंथालयाची शिस्त असते तीच गोफरच्या मेन्यूत आहे. मी पत्रं सालवार लावली, त्याखाली माणसांनुसार, आणि ते दिसायला फार छान झालं.

‘गोफर संपलं’ असं कुणी सांगितलं तर मनावर घेऊ नका. १९९३ मध्ये विद्यापीठानं सर्व्हरच्या वापरासाठी शुल्काची भाषा केली आणि त्याच वर्षी ३० एप्रिलला सर्न या युरोपातल्या संशोधन संस्थेनं वेब सर्वांना मोकळं केलं, तेव्हा लोक तिकडं वळले हे खरं. फायरफॉक्सनंही २०११ मध्ये, चौथ्या आवृत्तीत, गोफर काढून टाकलं. पण मिनेसोटाचा सर्व्हर २००० सालीच जीपीएल या मुक्त परवान्याखाली खुला झाला, लिंक्स हा ब्राउझर आणि कर्ल हे फाइली उतरवायचं साधन आजही गोफर बोलतात, आणि व्हेरोनिका-२ वर शोधही घेता येतो.

आता ती अडचण. गोफरमध्ये मजकूर कोणत्या एन्कोडिंगमध्ये, म्हणजे अक्षरं बाइटांत साठवायच्या कोणत्या पद्धतीत, आहे हे सांगायची सोयच नाही. मागणी एका ओळीची, उत्तरात थेट मजकूर. ‘हे यूटीएफ-८ आहे’ असं लिहायला त्यात जागाच ठेवलेली नाही. क्लायंट, म्हणजे वाचणाऱ्याकडचं ॲप, नवा असेल तर तो अंदाज करतो आणि बहुतेक वेळा तो बरोबर निघतो. जुना असेल तर देवनागरीच्या जागी लॅटिन चिन्हांचा भुगा दिसतो. एवढं मी चालवून घेतलं असतं.

खरा त्रास ओळींचा. गोफरच्या जगात मजकूर सुमारे ७० चिन्हांवर स्वतः तोडून ठेवायची पद्धत आहे, कारण तेव्हाचे पडदे ८० चिन्हांचे होते. इंग्रजीत एक अक्षर म्हणजे एक बाइट, म्हणून हिशेब जमतो. आता ‘जोडाक्षर’ हा शब्द घ्या. डोळ्यांना त्यात चार अक्षरं दिसतात. युनिकोडमध्ये ती आठ चिन्हं होतात, कारण काना, मात्रा आणि क्ष मधला हलन्त वेगळे मोजले जातात. यूटीएफ-८ मध्ये प्रत्येकी तीन, म्हणजे २४ बाइट. ओळी तोडायची जुनी फोल्ड कमांड माझ्या मशीनवर बाइट मोजते. हा शब्द तीनदा लिहिला तर पहिले दोन शब्द आणि मधल्या मोकळ्या जागा यांचे ५० बाइट होतात, तिसऱ्यातले २० बसतात, आणि कात्री ‘ष’च्या तीन बाइटांमधून चालते. पडद्यावर काळा चौकोन आणि प्रश्नचिन्ह. मोकळ्या जागेवरच तोड असं सांगितलं तर अक्षरं वाचतात, पण ओळ दोन-तीन शब्दांत संपते.

मग मी चिन्हं मोजून तोडणारी छोटी पायथन स्क्रिप्ट लिहिली. संगणकावर ते बरं दिसलं, तरी ओळी लहानमोठ्या राहिल्याच, कारण एका ओळीत मात्रा जास्त तर दुसरीत कमी. त्यात गोफरचा मजकूर बहुतेक क्लायंट समान रुंदीच्या फॉन्टमध्ये दाखवतात, आणि देवनागरी त्या साच्यात बसत नाही. फोनवर तर मी तोडलेली ओळ फोन पुन्हा तोडतो: एक लांब, एक तोकडी, पुन्हा एक लांब. दांडिया बाजारात राहणाऱ्या माझ्या आत्याला मी दुवा पाठवला होता. तिनं फोन करून विचारलं, “अरे, बाबांचं पत्र असं ओळी तोडून का लिहिलंस? ते तर सलग लिहायचे.” तिचं म्हणणं अगदी बरोबर होतं. आजोबांचं वाक्य पाच-पाच ओळी न थांबता जातं, त्यातच त्यांचा आवाज आहे. ओळी न तोडताही ठेवता येतात, नाही असं नाही. पण मग काही क्लायंट त्या पडद्याच्या उजवीकडे लांबवत नेतात आणि वाचणाऱ्याला सरकत राहावं लागतं.

जेमिनीत हा प्रश्नच उरत नाही. २०१९ मध्ये सोल्डरपंक या टोपणनावाच्या माणसानं ते सुरू केलं. पोर्ट १९६५, जेमिनी अवकाश मोहिमेतलं पहिलं माणसांसह उड्डाण झालं ते साल. उत्तराच्या पहिल्या ओळीत दोन अंकी संकेत आणि मजकुराचा प्रकार येतो: २० म्हणजे मिळालं, ५१ म्हणजे सापडलं नाही. वेगळं काही लिहिलं नाही तर यूटीएफ-८ धरलं जातं, आणि भाषा मराठी आहे असंही त्याच ओळीत सांगता येतं. जेमटेक्स्टमध्ये, म्हणजे जेमिनीची पानं लिहायच्या पद्धतीत, परिच्छेद म्हणजे एकच लांब ओळ. ती कुठं मोडायची हे वाचणाऱ्याचा पडदा ठरवतो. उलट तुम्ही मुद्दाम मोडलेली ओळ मोडलेलीच राहते, पुढचीला चिकटत नाही, त्यामुळे आजीच्या ओव्या जशाच्या तशा उतरल्या. आजोबांची पत्रं सलग, आजीच्या ओव्या ओळीओळीनं, आणि दोन्हींसाठी मला वेगळं काहीच करावं लागलं नाही. लाग्रांज या क्लायंटमध्ये देवनागरीचा फॉन्ट घातला की जोडाक्षरंही नीट जुळतात.

जेमिनीची कटकट टीएलएसची, म्हणजे संवाद गुप्त ठेवणाऱ्या एन्क्रिप्शनची. एन्क्रिप्शन सक्तीचं आहे, त्यामुळे फार जुन्या संगणकावर ते अवघड जातं, आणि सर्व्हर हातानं तपासण्याची गोफरची मजा जाते. सर्व्हरची ओळख पटवणारं प्रमाणपत्र स्वतःच बनवायचं असतं. अगेटसारखा सर्व्हर ते पहिल्यांदा सुरू होतानाच करून देतो. क्लायंट ते एकदा पाहून लक्षात ठेवतो. पुढं मशीन बदललं आणि जुन्या किल्लीची फाइल सोबत नेली नाही, तर प्रत्येक वाचकाला धोक्याची सूचना दिसते. ज्येष्ठ मंडळी अशा सूचनेला घाबरतात आणि पान बंद करतात. म्हणून किल्लीची प्रत पेनड्राइव्हवर आणि प्रमाणपत्राची मुदत भरपूर लांबची, ही काळजी पहिल्याच दिवशी घ्या. शिवाय दुवा वाक्याच्या मध्ये देता येत नाही, तो स्वतंत्र ओळीवर येतो. काहींना हे खटकतं. मला जुन्या पत्रांच्या बाबतीत ते सोयीचं वाटलं, वाचताना मन दुसरीकडे जात नाही.

फिंगरचाही विचार काहीजण करतात. ‘आज काय चाललंय’ अशा चार ओळींसाठी ७९ पोर्टवरचं ते जुनं साधन गोड आहे, संग्रहासाठी नाही.

तुमचा मजकूर मुख्यतः इंग्रजी असेल, फाइलींचे मोठे संग्रह लावायचे असतील किंवा तीस वर्षांपूर्वीचं मशीन पुन्हा कामाला लावायचं असेल, तर गोफर घ्या, पस्तावणार नाही. मराठी गद्य असेल, आणि वाचणाऱ्यांत फोन धरून बसलेली एक तरी आत्या असेल, तर माझ्या मते जेमिनीकडे झुकावं. दोन्ही ठेवायला हरकत नाही; लाग्रांज गोफरही उघडतं, त्यामुळे वाचकाला एकच ॲप पुरतं. तसं करणार असाल तर मूळ प्रत जेमटेक्स्टमध्ये लिहा. लांब परिच्छेद तोडून गोफरची प्रत स्क्रिप्टनं कधीही काढता येते. उलट दिशेनं मात्र कुठली ओळ लेखकानं संपवली आणि कुठली कात्रीनं, हे प्रत्येक ठिकाणी मूळ कागद समोर धरून ठरवत बसावं लागतं.