क्यू ३०.८ की क्यू ३०.९?

पुण्यात रात्रपाळीला बसून अमेरिकेतल्या वैद्यकीय विम्याच्या क्लेमचं कोडिंग (म्हणजे निदानाला आयसीडी-१० या आजारांच्या यादीतला कोड देणं) करणाऱ्यांचा जन्मजात नाकदोषाच्या केसमध्ये इथेच घोळ होतो. क्यू ३०.८ म्हणजे 'इतर': डॉक्टरांनी दोष नेमका लिहिलाय, पण त्याला स्वतंत्र कोड नाही. जादा नाक, किंवा सायनसच्या भिंतीतला जन्मजात दोष. क्यू ३०.९ म्हणजे 'अनिर्दिष्ट': चार्टवर नुसतं 'नाकाची जन्मजात विकृती', पुढे काही नाही.

माझं विचाराल तर ३०.९ टाकण्याआधी ऑपरेशन नोट उघडाच. तिथे 'नाकाच्या मागच्या तोंडाशी हाडाचा पडदा, कॅथेटर पुढे जाईना' असं काही सापडलं की दोन्ही कोड बाद. तो कोअ‍ॅनल अ‍ॅट्रेसिया, क्यू ३०.०. काहीच सापडलं नाही तर डॉक्टरांना क्वेरी पाठवा, अंदाजपंचे ३०.८ नको. ३०.९ वैध आहे, फक्त विमा कंपनी जास्त खोदून विचारू शकते.

आणि हो, जन्मतः वाकडा असलेला, दोन नाकपुड्यांमधला पडदा या दोन्हींत बसत नाही, तो क्यू ६७.४. नंतर वाकला असेल तर जे ३४.२. १ ऑक्टोबर २०१५ आधी, जुन्या आयसीडी-९ यादीत, कोअ‍ॅनल अ‍ॅट्रेसिया सोडला तर नाकाचे बाकीचे बहुतेक जन्मजात दोष ७४८.१ मध्येच कोंबले जायचे. सुखाचे दिवस!