डीएलएल फाइल शोधायला गेले आणि ५१ हजार घालवून बसले

नाशकातल्या पंचवटीत माझं डीटीपीचं छोटं दुकान आहे. लग्नपत्रिका, बिलबुकं, वाढदिवसाचे फ्लेक्स. १८ वर्षं हेच काम करते आहे. कॉम्प्युटर चालवता येतो, पण त्याच्या पोटात काय चालतं ते मला कधी बघावं लागलं नव्हतं. तुळशीचं लग्न झालं, लग्नसराई सुरू झाली आणि नेमकं तेव्हाच ते बघायची वेळ आली.

डिझाइनच्या सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती टाकली होती. सकाळी उघडायला गेले तर पांढरी चौकट आली: एमएसव्हीसीपी१४०.डीएलएल सापडत नाही, त्यामुळे प्रोग्रॅम सुरू होऊ शकत नाही, तो पुन्हा इन्स्टॉल करून पाहा. (डीएलएल म्हणजे प्रोग्रॅमला चालण्यासाठी लागणारी, अनेक प्रोग्रॅम मिळून वापरतात अशी फाइल.) पुन्हा इन्स्टॉल केला, चौकट तीच. दिंडोरीच्या एका गिऱ्हाइकाला दुपारी दोन वाजता पत्रिकेचं प्रूफ द्यायचं होतं. मुलीचे वडील दोनदा फोन करून गेले होते.

मी फाइलचं नाव सर्चमध्ये टाकलं. सगळ्यात वर जी साइट आली तिथे हीच फाइल एकटी, मोफत डाउनलोडला ठेवलेली होती. ती विंडोजच्या सिस्टिम३२ फोल्डरमध्ये टाका, असं लिहिलं होतं. टाकली. आता चौकट बदलली, शून्य-एक्स-सी आणि पुढे शून्यांची माळ असलेला कुठला तरी एरर आला. आपल्या हातून कॉम्प्युटर आणखी बिघडला असं वाटून माझे हातपाय गळाले. त्याच पानावर लाल पट्टीत ‘रनटाइम तपासा’ असं बटण होतं. दाबलं तर एक प्रोग्रॅम उतरला, त्याने मिनिटभर ‘तपासणी’ केली आणि सांगितलं, ४१२ सिस्टिम फायली खराब किंवा जुन्या आहेत. खाली मदतीसाठी फोन नंबर होता.

फोन उचलणारा स्वच्छ मराठी बोलत होता. ‘ताई, घाबरू नका, मी आहे ना,’ हे त्याचं पहिलं वाक्य. मराठी माणूस आहे, विंडोजची अधिकृत सेवा आहे म्हणतो, एवढ्यावर मी विश्वास ठेवला. त्याने एक ॲप टाकायला लावलं आणि माझा माऊस त्याच्या हाताने फिरू लागला.

त्याने काय काय दाखवलं ते सविस्तर सांगते, कारण तुम्हालाही तेच दाखवतील. आधी त्याने इव्हेंट व्ह्यूअर, म्हणजे विंडोजची नोंदवही, उघडली. लाल खुणा आणि पिवळे त्रिकोण यांची लांबच लांब यादी. ‘बघा ताई, हे सगळे एरर.’ मला तेव्हा हे ठाऊक नव्हतं की अशा नोंदी धडधाकट कॉम्प्युटरवरही पडत असतात. एखादी सेवा उशिरा सुरू झाली तरी तिथे नोंद होते. मग त्याने इन्स्टॉल केलेल्या प्रोग्रॅमची यादी काढली. तिच्यात मायक्रोसॉफ्ट व्हिज्युअल सी++ रीडिस्ट्रिब्युटेबल या नावाच्या नऊ-दहा ओळी होत्या, २००५, २००८, २०१०, २०१२, २०१३. ‘एवढी जुनी वर्षं दिसतात ना? यांची मुदत संपली आहे, शिवाय डबल-डबल झाल्या आहेत.’ आणि माझ्या डोळ्यांदेखत एकेक काढून टाकल्या. वर म्हणाला, ‘विंडोज १० चीही मुदत संपली, हे तर तुम्ही ऐकलंच असेल.’ ते मी खरंच ऐकलं होतं, १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सपोर्ट थांबला. त्या एका खऱ्या गोष्टीमुळे त्याच्या बाकीच्या खोट्या गोष्टी मला खऱ्या वाटल्या.

वर्षभराच्या ‘रनटाइम लायसन्स’चे २,९९९ रुपये यूपीआयने भरले. मग तो म्हणाला, पैसे पोचलेले दिसत नाहीत, नेट बँकिंगमध्ये बघा. मी लॉगिन केलं. तेवढ्यात स्क्रीन काळा पडला. ‘अपडेट चालू आहे ताई, कशाला हात लावू नका. मोबाइलवर लायसन्सचा कोड येईल, तो वाचा.’ कोड आला, मी वाचला. पाच मिनिटांनी दुसरा आला, तोही वाचला. मेसेजच्या पहिल्याच ओळीत बँकेने स्पष्ट लिहिलं होतं की हा ओटीपी नवीन लाभार्थी (पैसे पाठवायचं नवं खातं) जोडण्यासाठी आहे, कोणालाही सांगू नका. माझी नजर सरळ सहा आकड्यांवर गेली. दुसरा मेसेज ४८,५०० रुपयांच्या ट्रान्सफरचा होता. स्क्रीन उजळला तेव्हा फोन कट झालेला होता. पत्रिकेचा कागद, शाई आणि कारागिराचा पगार यासाठी ठेवलेले पैसे गेले.

यानंतर मी जी चूक केली तिचं जास्त वाईट वाटतं. दोन-अडीच तास मी कोणालाच काही सांगितलं नाही. यजमान रागावतील, शेजारचे दुकानदार काय म्हणतील, याच विचारात बसून राहिले. संध्याकाळी सिडकोतून भाचा आला, त्याने माझा चेहरा बघूनच विचारलं आणि आधी १९३० ला फोन लावायला लावला. हा सायबर फसवणुकीचा सरकारी क्रमांक आहे. तिथे तक्रार नोंदली की पैसे ज्या खात्यात गेले त्या बँकेला कळवतात, आणि जे अजून पुढे सरकलेले नसतील ते रोखले जातात. माझे १९,००० रोखले गेले. बाकीचे तोवर पुढच्या खात्यांत गेले होते. दुपारीच फोन केला असता तर आणखी वाचले असते, हे मनातून जात नाही. मग बँकेला कळवून नेट बँकिंग बंद केलं, सायबर पोलिसांकडे लेखी तक्रार दिली. बँकेत साहेबांनी रिझर्व्ह बँकेचं ६ जुलै २०१७ चं परिपत्रक समजावलं. ओटीपी मी स्वतः सांगितला असल्यामुळे बँकेला कळवेपर्यंतचं नुकसान माझ्या माथी, कळवल्यानंतर काही गेलं तर ते बँकेच्या. म्हणून बँकेलाही त्याच मिनिटाला कळवा, तासाभराने नको.

आता त्या फाइलबद्दल, जिच्यापायी हे सगळं झालं. भाच्याने रात्री शेजारी बसून दाखवलं. सी++ या प्रोग्रॅमिंगच्या भाषेत लिहिलेल्या प्रोग्रॅमला काही सामाईक फायली लागतात, त्याच या रनटाइम फायली, आणि व्हिज्युअल सी++ रीडिस्ट्रिब्युटेबल हे त्यांच्या संचाचं नाव. प्रत्येक प्रोग्रॅम त्या स्वतःबरोबर वेगळ्या ठेवत नाही, कॉम्प्युटरवर एकदा असल्या की सगळे वापरतात. त्या यादीत जुनी वर्षं दिसतात कारण जुन्या सॉफ्टवेअरला जुनाच संच लागतो. २०१३ पर्यंतचे संच एकमेकांची जागा घेत नाहीत, २०१५ पासून २०२२ पर्यंतचा मात्र एकच संच आहे आणि माझी फाइल त्यातलीच होती. म्हणजे त्या चोराने ज्यांना ‘डबल’ म्हणून काढलं ते माझ्या बिलिंगच्या प्रोग्रॅमला हवेच होते. दुसऱ्या दिवशी तोही उघडेना. यातल्या कशालाही लायसन्स नाही, वर्षाची फी नाही. मायक्रोसॉफ्टच्या साइटवर पूर्ण संच फुकट मिळतो.

मी उतरवलेली एकटी फाइल ३२ बिटची होती आणि प्रोग्रॅम ६४ बिटचा. ६४ बिटच्या विंडोजमध्ये नावं उलटी आहेत, सिस्टिम३२ मध्ये ६४ बिटच्या फायली असतात आणि ३२ बिटच्या सिसवॉव६४ नावाच्या फोल्डरमध्ये. म्हणून तो दुसरा एरर आला होता. भाच्याने आधी मशीन इंटरनेटपासून तोडलं, ते रिमोटचं ॲप आणि ‘तपासणी’वाला प्रोग्रॅम काढला, माझे सगळे पासवर्ड दुसऱ्या मोबाइलवरून बदलले, आणि शेवटी डेटा काढून घेऊन विंडोज नव्यानेच टाकलं. चोराचा हात लागलेल्या मशीनवर बँकेचं काम करायची माझी हिंमत नव्हती. मग २०१५-२०२२ चा संच, एक्स८६ (३२ बिट) आणि एक्स६४ (६४ बिट) दोन्ही. इन्स्टॉलरवर राइट क्लिक करून प्रॉपर्टीजमध्ये डिजिटल सिग्नेचर (फाइल कोणत्या कंपनीची आहे याची खूण) मायक्रोसॉफ्टची आहे का तेही त्याने मला बघायला लावलं. डिझाइनचं सॉफ्टवेअर पहिल्या झटक्यात उघडलं. सगळा संच बसायला दोन मिनिटंही लागली नाहीत, आणि मी दिवसभर त्यासाठी रडत होते.

विंडोजच्या स्वतःच्याच फायली बिघडल्याची शंका असेल तर त्याची तपासणीही विंडोजमध्येच आहे. ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून कमांड प्रॉम्प्ट (आज्ञा टाइप करायची खिडकी) उघडून आधी डिसम आणि मग एसएफसी स्कॅननाऊ या तपासणी-दुरुस्तीच्या आज्ञा चालवायच्या. नेमकी आज्ञा मायक्रोसॉफ्टच्या मदत-पानावर असते, तिथूनच घ्या. बाहेरचा ‘फिक्सर’ लागत नाही.

चार दिवसांनी त्याच माणसाचा दुसऱ्या नंबरवरून फोन आला. ‘ताई, तुमच्या काही फायली अपडेट व्हायच्या राहिल्या आहेत.’ तोच गोड आवाज. मी नंबर लिहून घेतला आणि पोलिसांकडे दिला. रोखलेल्या १९,००० साठी कोर्टात अर्ज केला आहे, आदेश आला की खात्यात येतील असं सांगितलं आहे.

नाशकातल्या डीटीपीवाल्यांनो, फोटो स्टुडिओवाल्यांनो, टॅलीवर हिशेब ठेवणाऱ्यांनो, स्क्रीनवर डीएलएलची चौकट आली आणि कोणी फोनवर ‘मी आहे ना’ म्हणालं, तर फोन ठेवा आणि माझ्या दुकानात या. दोन्ही संच पेन ड्राइव्हमध्ये भरून ठेवले आहेत. सिग्नेचर कशी बघायची तेही दाखवते.