नोपॉक्सचे पाच महिने: नायट्रेट उतरले, फॉस्फेट अडून बसले

न्यू जर्सीतील आमच्या घराच्या तळघरात 65 गॅलनची, म्हणजे जवळपास 250 लिटरची, खाऱ्या पाण्याची रीफ (म्हणजे प्रवाळांची) टाकी तीन वर्षांपासून आहे. यंदा मे महिन्यात तिच्या काचेवर एक दिवसाआड हिरवा थर धरू लागला, खडकांवर केसाळ शेवाळ माजले आणि माँटिपोरा या प्रवाळाच्या कडा, ज्या एरवी जांभळ्या दिसतात, त्या मातकट झाल्या. पाणी तपासले तेव्हा नायट्रेट 40 पीपीएम (दशलक्ष भागांत 40 भाग) निघाले. फॉस्फरस मोजणाऱ्या हॅना चेकर या छोट्या यंत्रावर 91 (अब्ज भागांत 91 भाग) हा आकडा आला, त्याला 3.066 ने गुणून हजाराने भागले की फॉस्फेट 0.28 पीपीएम भरते. प्रवाळांच्या टाकीला हे दोन्ही आकडे फारच जड आहेत, म्हणून रेड सी कंपनीच्या 'एनओथ्री पीओफोर-एक्स' या द्रवाची, हौशी मंडळींच्या भाषेत नोपॉक्सची, अर्ध्या लिटरची बाटली आणली.

बाटलीचे टोपण उघडताच व्हिनेगर आणि स्पिरिट यांच्या मधला वास येतो, आणि त्या वासातच या उत्पादनाचे मर्म आहे. हे द्रव नायट्रेट किंवा फॉस्फेट स्वतः शोषून घेत नाही. ते पाण्यातील जिवाणूंना सहज पचणारा कार्बन पुरवते. त्या कार्बनावर जिवाणू झपाट्याने वाढतात, वाढताना शरीरबांधणीसाठी पाण्यातील नायट्रोजन आणि फॉस्फरस उचलतात, आणि मग त्यांतले बरेचसे जिवाणू फेसाबरोबर स्किमरच्या, म्हणजे बुडबुड्यांनी पाण्यातली घाण फेसात काढणाऱ्या यंत्राच्या, पेल्यात जाऊन पडतात. कंपनीनेही स्किमर असल्याशिवाय हे वापरू नये असे बजावले आहे आणि ते अक्षरशः पाळावे, कारण स्किमर नसेल तर वाढलेले जिवाणू टाकीतच मरून पुन्हा तेच अन्नद्रव्य पाण्यात सोडतील. माझ्याकडे पूर्वी आठवड्याभरात जेमतेम दोन बोटे फिकट पाणी साचणाऱ्या पेल्यात दहाव्या दिवसापासून कोऱ्या चहाच्या रंगाचा दाट, उग्र दर्पाचा गाळ येऊ लागला, आणि तो पेला धुण्याचे काम घरात दुसरे कोणी करायला तयार होईना.

कंपनीने सुचवलेल्या मात्रेच्या अर्ध्यावर मी सुरुवात केली आणि दर आठवड्याला थोडी थोडी वाढवत गेलो. पहिले पंधरा दिवस आकडा जागचा हलला नाही, त्यामुळे अधीर माणसाला इथेच मात्रा दुप्पट करण्याचा मोह होऊ शकतो. तिसऱ्या आठवड्यापासून मात्र नायट्रेट उतरत गेले आणि सातव्या आठवड्याच्या अखेरीस, नळीतला गुलाबी रंग जेमतेम दिसावा इतका फिका झाला असताना, ते 8 पीपीएमवर आले. या बाबतीत माझी काहीही तक्रार नाही.

फॉस्फेटची गोष्ट निराळी आहे. त्याच सात आठवड्यांत ते 0.28 वरून फक्त 0.19 वर आले. सागरी प्लवकांत नायट्रोजन आणि फॉस्फरसच्या अणूंचे प्रमाण ढोबळमानाने 16 ला 1 असते. वजनात मांडले तर साधारण दहा भाग नायट्रेटमागे एक भाग फॉस्फेट. हा हिशेब टाकीतल्या जिवाणूंना जसाच्या तसा लावला तर 32 पीपीएम नायट्रेटबरोबर तीन पीपीएमहून अधिक फॉस्फेट जायला हवे होते. एवढे माझ्याकडे नव्हतेच, आणि जे होते तेही संपले नाही. याचे कारण उघड आहे: प्राणवायू कमी असलेल्या थरांत काही जिवाणू नायट्रेटचे थेट नायट्रोजन वायूत रूपांतर करतात, त्यात फॉस्फेट खर्ची पडत नाही; शिवाय तीन वर्षे फॉस्फेट धरून बसलेला चुनखडीचा खडक, पाण्यातले प्रमाण घटले की, आपल्याजवळचे हळूहळू परत सोडतो. हा दोष या एका बाटलीचा नसून कार्बन देण्याच्या पद्धतीचीच ती मर्यादा आहे. मी जोडीला फॉस्फेट शोषणारे फेरिक ऑक्साइडचे दाणे अगदी थोड्या प्रमाणात लावले, कारण फॉस्फेट एकाएकी खाली ओढले तर प्रवाळ कोमेजतात. माशांचे खाद्य, म्हणजे गोठवलेले मायसिस (कोळंबीसारखे बारीक जीव), चहाच्या गाळणीत धुऊन घालू लागलो, आणि दिवसाला दोन वड्यांऐवजी एक केली. खरे सांगायचे तर ही गाळणी तीन वर्षांपूर्वीच घ्यायला हवी होती.

ऑगस्टअखेर गणपतीसाठी पुण्याला गेलो असताना टाकी मेहुण्यांवर सोपवली होती. त्यांचे तीन दिवस डोस राहून गेले, आणि चौथ्या दिवशी त्यांनी भाबडेपणाने चारही दिवसांची मात्रा एकदम ओतली. दुसऱ्या सकाळी व्हिडिओ कॉलवर पाहतो तर पाणी ताक घुसळल्यासारखे पांढुरके, आणि दोन्ही क्लाउनफिश पृष्ठभागाशी तोंड उघडून धापा टाकत होते. जिवाणूंच्या अशा उसळीत पाण्यातला प्राणवायू झपाट्याने संपतो. हवेचा पंप लावायला, स्किमर पूर्ण उघडायला आणि डोस थांबवायला सांगितले. दोन दिवसांत पाणी निवळले, मासे वाचले, पण क्लीनर कोळंबी गेली.

साधे पांढरे व्हिनेगर याच तत्त्वावर चालते आणि पुष्कळ स्वस्त पडते, हे मान्य करायला हवे. नोपॉक्ससाठी जास्त पैसे मोजायचे ते मात्रेच्या तयार तक्त्यासाठी आणि व्हिनेगरच्या तुलनेत कमी मिलीलिटर ओतावे लागतात म्हणून. नवख्याला तो तक्ता उपयोगी आहे, मुरलेल्याला नाही. ज्यांच्या टाकीत नायट्रेट आधीच दोनेक पीपीएम आहे त्यांनी मात्र हे घेऊच नये. अन्नद्रव्ये शून्यावर गेली की प्रवाळ पांढुरके पडतात आणि डायनोफ्लॅजेलेट्स या सूक्ष्मजीवांचा तपकिरी चिकट थर वाळूवर पसरतो, तो शेवाळापेक्षा कितीतरी चिवट असतो. भारतातील वाचकांनी तर टाकीचा बेत करण्याआधीच हे ध्यानात घ्यावे की तेथे खडक घडवणारे प्रवाळ वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत.

आता ऑक्टोबरात नायट्रेट 5 आणि चेकरचा आकडा 23, म्हणजे फॉस्फेट 0.07 आहे. काच पाच दिवसांनी पुसली तरी चालते आणि माँटिपोराच्या कडांना जांभळा रंग परतला आहे. दुसरी बाटली आणली असून तिच्या टोपणावर, मेहुण्यांच्या पुढच्या खेपेसाठी, 'चुकलेला डोस भरून काढू नये' अशी चिठ्ठी चिकटवली आहे.