नागरिकत्वाची निवड: जळगावातील एका रविवार वर्गाविषयी

जळगावातील एका खासगी अभ्यासवर्गाने युद्धकाळातील लोकसंख्येची अदलाबदल आणि नागरिकत्व या विषयावर आठ रविवारांचा वर्ग घेतला. दर रविवारी दोन तास शिकवणी, नव्वद पानांची छापील टिपणे आणि पंधराशे रुपये शुल्क. मी चाळीसगावला दिवाणी वकिली करतो. वारसनोंदी आणि सातबाऱ्याच्या वादांत दिवस जात असल्यामुळे एवढ्या लांबचा विषय कशाला, असे घरच्यांनी विचारलेच. तरीही मी आठही रविवारी पॅसेंजरने गेलो. शिकवणाऱ्या निवृत्त प्राध्यापकांची तयारी उत्तम होती. छापील टिपणांबद्दल मात्र तसे म्हणता येणार नाही.

सर्वांत सरस ठरले ते लोझानचे दोन रविवार. 30 जानेवारी 1923 रोजी स्वित्झर्लंडमधील लोझान येथे ग्रीस आणि तुर्कस्तान यांच्यात झालेल्या करारानुसार त्या वर्षीच्या 1 मेपासून तुर्कस्तानातील ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती आणि ग्रीसमधील मुसलमान यांची सक्तीने अदलाबदल करण्याचे ठरले. कसोटी धर्माची होती, भाषेची नव्हे. म्हणून घरात तुर्की बोलणारी अनातोलियातील ख्रिस्ती कुटुंबे ग्रीसला धाडली गेली आणि ग्रीक बोलणारे क्रीटचे मुसलमान तुर्कस्तानात पोचले. कराराच्या सातव्या कलमाप्रमाणे सोडलेल्या देशाचे नागरिकत्व जात असे आणि नव्या देशाच्या भूमीवर पाऊल पडताच तेथील नागरिकत्व लागू होत असे, म्हणजे कोणी नागरिकत्वाविना राहू नये याची काळजी घेतली होती, पण कोणाला विचारायचे मात्र ठेवले नव्हते. इस्तंबूलचे ग्रीक आणि ग्रीसमधील पश्चिम थ्रेसचे मुसलमान यांना वगळले होते. इस्तंबूलमध्ये 'स्थायिक' कोणास म्हणावे यावरून वाद पेटला आणि 1925 मध्ये हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयाने असे मत दिले की या शब्दाचा अर्थ एखाद्या देशाच्या कायद्यावरून न लावता प्रत्यक्षातील टिकाऊ वास्तव्यावरून लावावा. प्राध्यापकांनी या एका शब्दावर जवळजवळ पूर्ण तास घालवला. 'रहिवासी' आणि 'कब्जेदार' या शब्दांवर तारखांमागून तारखा भांडणाऱ्या माझ्यासारख्या माणसाला तो तास फार आवडला.

टिपणांतील पहिला दोष पहिल्या महायुद्धानंतरच्या व्हर्सायच्या तहाविषयी आहे. त्या तहाने जर्मनीकडून गेलेल्या प्रदेशांतील अठरा वर्षांवरील जर्मन नागरिकांना नागरिकत्व निवडण्यास दोन वर्षे दिली, आणि टिपणांत सरसकट लिहिले आहे की जर्मनीची निवड करणाऱ्याने बारा महिन्यांत घर हलवलेच पाहिजे. चेकोस्लोव्हाकियाविषयीच्या 85 व्या कलमात तसे बंधन आहे, हे खरे. पण पोलंडविषयीच्या 91 व्या कलमात निवड करणारा बारा महिन्यांत स्थलांतर 'करू शकेल' एवढेच म्हटले आहे. वकिलाला 'करावे' आणि 'करता येईल' यांतला फरक लहान वाटत नाही. याच कलमांत पतीच्या निवडीत पत्नीची आणि आईवडिलांच्या निवडीत अठराखालील मुलांची निवड धरली जाईल असेही आहे, आणि ते टिपणांत एका ओळीत उरकले आहे. निवडीचा हक्क म्हणून जो गौरवला जातो, तो घरातल्या अर्ध्या माणसांना नव्हताच, ही गोष्ट एका ओळीत मावणारी नाही.

खरी कुरबूर उत्तर इटलीतील दक्षिण टायरॉलच्या रविवारी झाली. 1939 मध्ये इटली आणि जर्मनी यांच्या समझोत्याने तेथील जर्मनभाषकांना वर्षअखेरपर्यंत मुदत मिळाली: जर्मन नागरिकत्व घेऊन गाव सोडा, नाहीतर इटलीत राहा आणि फॅसिस्ट राजवटीने शाळांतून व पाट्यांवरून हटवलेली भाषा परत मिळण्याची आशा सोडा. बहुसंख्यांनी जर्मनी निवडली, पण युद्धामुळे काम रखडले आणि प्रत्यक्षात सुमारे पंच्याहत्तर हजार लोक गेले. टिपणांत याला 'ऐच्छिक स्थलांतर' म्हटले आहे. पारोळ्याकडचा एक विद्यार्थी मागच्या बाकावरून सरळ अहिराणीतच म्हणाला, "मंग हाई निवड कसानी?" वर्ग हसला, प्राध्यापक हसले नाहीत, त्यांनी फळ्यावरचा 'ऐच्छिक' हा शब्द पुसला आणि 5 सप्टेंबर 1946 च्या पॅरिस समझोत्यात इटलीला या निवडींचा फेरविचार करण्याचे मान्य करावे लागले, ते का, हे समजावून सांगितले. शुल्क वसूल झाले ते त्या दहा मिनिटांत.

फेब्रुवारी 1946 मधील हंगेरी आणि चेकोस्लोव्हाकिया यांच्या कराराचाही त्यांनी असाच समाचार घेतला. हंगेरीतील स्लोव्हाकांनी स्वेच्छेने यायचे आणि जितके येतील तितकेच हंगेरियन चेकोस्लोव्हाक सरकारने स्वतः निवडून बाहेर पाठवायचे; ज्यांना पाठवायचे, त्यांच्यापैकी बहुतेकांचे नागरिकत्व ऑगस्ट 1945 च्या फर्मानाने आधीच काढून घेतलेले. एका बाजूला इच्छा आणि दुसऱ्या बाजूला यादी, असा तो अदलाबदलीचा हिशेब होता. 1948 चा मानवाधिकार जाहीरनामा आणि व्याप्त प्रदेशातून सक्तीने लोक हलवण्यास मनाई करणारे 1949 च्या चौथ्या जिनिव्हा कराराचे 49 वे कलम यांना सातवा रविवार मिळाला. तो ठीक होता, पण परीक्षेपुरता.

आठव्या रविवारी भारताचा विषय घाईत संपवला. गोव्याच्या मुक्तीनंतर 1962 च्या आदेशाने तेथील लोकांना भारतीय नागरिक मानले आणि ज्यांना आधीचे नागरिकत्व ठेवायचे होते त्यांना लेखी कळवण्यास एक महिना दिला, एवढे सांगून झाले. त्या दिवशी सिंधी कॉलनीतील एक वयस्क दुकानदार आपल्या वडिलांचा नोंदणी दाखला प्लास्टिकच्या पिशवीत घालून घेऊन आले होते. राज्यघटनेच्या सहाव्या कलमाप्रमाणे पाकिस्तानातून 19 जुलै 1948 पूर्वी आलेल्यांना नोंदणी लागत नव्हती. त्या दिवशी किंवा नंतर येणाऱ्यास मात्र सहा महिने राहून अर्ज करावा लागे. त्यांचे वडील ऑगस्टमध्ये आले होते. प्राध्यापकांनी दाखला काळजीपूर्वक वाचला, पण तोवर घड्याळात एक वाजला होता आणि आयोजकांनी दिवे मालवायला घेतले.

टिपणांतील चुकांची यादी मी आयोजकांकडे दिली आहे. पुढच्या तुकडीत सहाव्या कलमासाठी पूर्ण रविवार ठेवला, तर मी पुन्हा शुल्क भरून येईन.